लडाखमधील हिवाळ्याची बेगमी

आपल्याकडे दिवाळी जवळ आली की पहाटेच्या वाऱ्याला धार येऊ लागते. पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या गोधड्या, शाली आणि कानटोप्या बाहेर निघतात. त्यांना दोन दिवस ऊन दाखवले की हिवाळ्याची तयारी झाली, असे आपण समजतो. फारच गारठा पडला तर अंगणात शेकोटी पेटते. आपला खरा तयारीचा ऋतू म्हणजे पावसाळा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील माणूस घर शाकारतो, सरपण पडवीत रचतो, मीठ-मिरची आणि डाळ-तांदूळ भरून ठेवतो. कारण एकदा झड लागली की आठ-आठ दिवस घराबाहेर पडणे कठीण.

ह्याच आपल्या देशात असा एक प्रदेश आहे, की जेथील लोकांना ही सारी तयारी हिवाळ्यासाठी करावी लागते. कोकणात बेगमी कमी पडली तर हाल होतात. तेथे ती कमी पडली तर जनावरे दगावतात आणि कधी माणसांच्याही जिवावर बेतते. हा प्रदेश म्हणजे लडाख होय.

लडाख हा हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडचा उंच व कोरडा प्रदेश आहे. पूर्वी तो जम्मू आणि काश्मीर राज्याचा भाग होता. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याचे मुख्य नगर लेह हे सिंधू नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई रचले, तरी त्याचा माथा लेहच्या बाजारपेठेपर्यंत पोचणार नाही!

पावसाळी वारे आपले पाणी हिमालयाच्या अलीकडच्या उतारांवरच रिते करतात. त्यामुळे लेहच्या वाट्याला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी साधारण १०० मिलिमीटर पाणी येते. मुंबईत जुलै महिन्यातील एखाद्या मुसळधार दिवशी तेवढा पाऊस सहज कोसळतो. हवा विरळ आणि कोरडी. आकाश बहुधा निरभ्र. दिवसा उन्हाचे चटके बसतात. पण सूर्य डोंगराआड गेला की जमिनीची ऊब अडवून धरण्यास वर ढगांचे पांघरूण नसते, आणि ती भराभर आकाशात निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत लेहमधील रात्रीचे तापमान शून्याखाली १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, कधी त्याहूनही खाली जाते. कारगिलजवळच्या द्रास गावची थंडी तर याहून कडक. उघड्यावर राहिलेली पाण्याची घागर सकाळी दगड होऊन बसलेली असते.

अशा थंडीत मोठा जाळ पेटवावा, असे तुम्ही म्हणाल. पण जाळावयाचे काय? तेथील डोंगर उघडेबोडके आहेत. गावाभोवती पाटांच्या काठाने लोकांनी स्वतः लावलेले पॉप्लरचे उंच वृक्ष, आपल्याकडील वाळुंजाच्या जातीची झाडे आणि काही गावांत जर्दाळूच्या बागा, एवढीच काय ती झाडी. त्या लाकडाची घराच्या तुळयांना गरज असते. ते चुलीत घालणे कोणास परवडणार? म्हणून लडाखी माणसाने दुसरी वाट शोधली. सूर्याकडून आयती मिळणारी ऊब पकडावयाची आणि पकडलेली ऊब निसटू द्यावयाची नाही. लडाखचे जुने घर समजून घेण्यास ही एवढी किल्ली पुरेशी आहे.

घर बांधताना प्रथम पाहिली जाते ती दक्षिण दिशा. घराच्या मोठ्या खिडक्या शक्यतो त्या बाजूस असतात. ह्याचे कारण आकाशात आहे. डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास लेहमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ३२ अंशच वर येतो. जूनच्या २१ तारखेस मात्र तो सुमारे ७९ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ डोक्यावर चढतो. त्यामुळे हिवाळ्यातील तिरपे किरण दक्षिणेच्या खिडकीतून आत शिरून पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतात, आणि उन्हाळ्यातील उभे किरण छपराच्या पुढे आलेल्या कडेवरच अडतात. म्हणजे हवे तेव्हा ऊन आत आणि नको तेव्हा बाहेर. त्यासाठी पडदा ओढण्याचीही गरज नाही. तुमच्या घराला किंवा शाळेला दक्षिणेकडे खिडकी असेल तर तुम्हांलाही हे पडताळून पाहता येईल. डिसेंबरात दुपारी बारा वाजता उन्हाचा कवडसा जमिनीवर कोठवर येतो तेथे खडूने खूण करून ठेवा. मे महिन्यात त्या खुणेजवळ तो फिरकणारही नाही.

उत्तरेच्या भिंतीला बहुधा खिडकी ठेवीत नाहीत. ठेवलीच तर कोनाड्याएवढी. त्या बाजूची थंडी कोठारांनी सोसावी आणि माणसांनी दक्षिणेकडे बसावे, अशी ती योजना असते.

पाया आणि खालच्या मजल्याच्या भिंती दगडाच्या असतात. वरच्या भिंती मातीच्या विटांच्या. ह्या विटा भट्टीत भाजलेल्या नसतात. ओली माती लाकडी साच्यात दाबून त्या उन्हात वाळवतात. भट्टीला जळण कोठून आणणार? भिंतींची जाडी दीड ते दोन फूट असते. एवढी जाड मातीची भिंत सावकाश तापते आणि सावकाशच निवते. दिवसभर तिने घेतलेली ऊब संध्याकाळनंतर हळूहळू घराला परत मिळते. छप्पर सपाट असते. सोलापूर, मराठवाडा, खानदेश ह्या भागांतील धाब्याची घरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर काठ्यांचा दाट थर, त्यावर गवत आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती. जेथे पाऊसच नाही, तेथे उतरत्या कौलांची आवश्यकता काय? हिमवृष्टी झाली की मात्र घरातील माणसांना फावडी घेऊन छपरावर चढावे लागते. बर्फ तसाच राहू दिला तर वितळून माती भिजवतो, आणि भिजलेली माती जड होऊन तुळयांवर भार टाकते.

ऊब पकडली, ती राखावयाची कशी? आपली गोधडी येथे उपयोगी पडेल. गोधडी स्वतः गरम नसते; चुलीसारखी ती उष्णता निर्माण करीत नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून आजी जेव्हा गोधडी शिवते, तेव्हा त्या थरांमध्ये हवा कोंडली जाते. स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. त्यामुळे आपल्याच शरीराची ऊब आपल्यापाशी राहते. लडाखी घरात हाच उपाय जागोजागी योजलेला दिसतो. छपराच्या थरातील गवत, जमिनीवर अंथरलेली लोकरीची जाड आसने, बुटके दरवाजे, ठेंगणी छते, सारे त्यासाठीच. छपराच्या कडेने चारा आणि सरपण रचून ठेवतात. ते मुख्यतः कोठार असते, पण त्या जागी थोडेबहुत पांघरुणाचेही काम करते.

खालच्या मजल्यावर गोठा असतो. गायी, मेंढ्या, शेळ्या आणि याक व गाय ह्यांच्या संकरातून झालेला झो नावाचा प्राणी, ही सारी जनावरे हिवाळ्यात तेथे दाटीवाटीने उभी राहतात. त्यांच्या शरीराची ऊब वरच्या मजल्याच्या जमिनीला लागते. झांस्करसारख्या अधिक थंड भागातील जुन्या घरांत तर माणसांची हिवाळी खोलीही खालीच, गोठ्याला लागून असते. आणि थंडी वाढली की घरची मंडळी मोठ्या खोल्या बंद करून एकाच खोलीत राहावयास येतात. ही खोली बहुधा स्वयंपाकघर असते. मध्ये चूल, भिंतीशी मांडणीवर घासून लखलखीत केलेली तांब्यापितळेची भांडी, आणि चुलीभोवती आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्व. थंडीत माणूस हातपाय पोटाशी घेऊन निजतो ना? तसे लडाखमधील घर हिवाळ्यात अंग आखडून घेते. एका खोलीपुरते जळण लागते. दहा माणसांच्या श्वासाची आणि शरीराची ऊबही तेथेच राहते.

थंडी नोव्हेंबरात अंगावर येते, पण तिच्या तयारीला मे महिन्यातच आरंभ होतो. सर्वांत मोठी काळजी जळणाची आणि चाऱ्याची. जळण म्हणजे मुख्यतः शेण. उन्हाळ्यात जनावरे उंचावरच्या कुरणांत चरावयास जातात. तेथे पडलेले शेण कोरड्या हवेत लवकर वाळते. बायका आणि मुले पाठीवर करंड्या बांधून ते वेचत हिंडतात. आपल्याकडे खेड्यांत गोवऱ्या थापून उडवी रचतात, तशाच राशी तेथे छपरावर आणि घराशेजारी चढत जातात. काटेरी झुडपांच्या मुळ्या आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्याही त्यांत जमा होतात. ऑक्टोबरमध्ये छपराकडे पाहून अनुभवी गृहिणीला ही रास कोठवर पुरेल ह्याचा अंदाज येतो.

चाऱ्याचा हिशेब अधिक कठोर असतो. आपण ज्याला लसूणघास म्हणतो ते गवत लडाखी शेतकरी बांधांवर आणि वेगळ्या वाफ्यांत वाढवतो. ते कापून, वाळवून, पिळून त्याच्या पेंढ्या छपरावर रचतो. हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली किंवा करपलेली असतात. जनावरांना गोठ्यात ह्या पेंढ्यांवरच दिवस काढावे लागतात. जितका चारा तितकीच जनावरे, असा हा रोखठोक व्यवहार आहे. म्हणून शरद ऋतूतच घरातील वडीलधारी माणसे किती जनावरे ठेवावयाची आणि किती विकावयाची हे ठरवून टाकतात. माया वाटून एखादे जास्त ठेवले, तर मार्च महिन्यात सर्वच अर्धपोटी राहणार.

ऑगस्ट-सप्टेंबरात जवाचे पीक तयार होते. खळ्यात मधोमध खुंट रोवून जनावरे गोल फिरवतात व मळणी करतात. मग उपणणी. त्या वेळी वारा पडलेला असला, तर माणसे शीळ घालून त्याला बोलावतात. वारा शिळेला भुलून येतो असे आपण म्हणणार नाही. पण त्या खोऱ्यांत दुपारनंतर वारा बहुधा सुटतोच, त्यामुळे शीळ घालणाऱ्याची निराशा क्वचितच होत असेल. धान्य घरात आले की काम संपले असे मात्र नाही. जव भाजून ओढ्यावरील पाणचक्कीत दळून आणावयाचा असतो. हे पीठ आपल्या सातूच्या पिठासारखे. चहात, ताकात किंवा पाण्यात कालवले की झाले. त्याला पुन्हा शिजवण्यास जळण लागत नाही. पण ओढा एकदा गोठला की चक्की थांबते, ती थेट वसंतापर्यंत. म्हणून शरद ऋतूत पाणचक्क्यांवर पोती घेऊन येणाऱ्यांची गर्दी होते.

भाज्या टिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बटाटे, मुळे, गाजरे, सलगम ही सर्व अंगणात किंवा घराच्या तळात खोल खड्डा खणून त्यात ठेवतात व वरून मातीने झाकतात. गंमत अशी, की आपण भाजी गार राहावी म्हणून शीतकपाटात ठेवतो, आणि लडाखी माणूस ती फार गार होऊ नये म्हणून जमिनीत पुरतो! वरची जमीन गोठली तरी काही फूट खोलीवरची माती तितकी थंड होत नाही. तेथे भाजी गोठून नासत नाही. पालेभाज्या उन्हात सुकवतात. सिंधूच्या खालच्या अंगाच्या आणि नुब्राकडील गावांत जर्दाळूचे पीक येते. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील छपरे वाळत घातलेल्या जर्दाळूंनी केशरी दिसतात. ताक आटवून केलेले सुके चीज आणि लोणीही साठवले जाते. अलीकडे बऱ्याच गावांत प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाखाली भर हिवाळ्यात पालक-कोथिंबीर पिकवू लागले आहेत, त्यामुळे ताजी भाजी अगदीच दुर्मीळ राहिलेली नाही.

घरात नाही ते बाजारातून आणावे म्हटले, तर रस्त्याची अडचण. श्रीनगरहून लेहला येणारा रस्ता ३,५२८ मीटर उंचीची झोजी ला ही खिंड ओलांडतो. पूर्वी बर्फामुळे ही खिंड पाच-सहा महिने बंद राहत असे. आता सीमा सडक संघटनेची यंत्रे बर्फ हटवतात आणि बंदीचा काळ पुष्कळ कमी झाला आहे. खिंडीखालून बोगदा काढण्याचे काम २०२० साली सुरू झाले. दुसरा रस्ता मनालीहून येतो. त्यावरील रोहतांगखालचा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. पण त्यापुढच्या उंच खिंडी हिवाळ्यात बर्फाने अडतातच. विमाने बाराही महिने येतात, मात्र तीही आकाश स्वच्छ असेल तेव्हा, आणि विमानातून आलेली कोबी सामान्य माणसाला महागच पडते. म्हणून खिंडी बंद होण्यापूर्वी मालमोटारींची रांग लागते. धान्य, रॉकेल, गॅस, औषधे ह्यांचे साठे भरले जातात. सीमेवरील आपल्या सैन्यालाही असाच साठा करावा लागतो. तेथे पहारा देणाऱ्या जवानांत महाराष्ट्रातील खेड्यांतून गेलेलेही असतात. त्यांचे हिवाळ्यातील जेवण आणि शेगडीतील इंधन उन्हाळ्यातच वर पोचलेले असते.

पहिला कडक गारठा पडण्याच्या सुमारास घरातील शेवटची कामे उरकतात. नळ आणि टाक्या रिकाम्या करतात. पाणी गोठताना फुगते आणि लोखंडी नळही फोडते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच असाल. त्यानंतर बर्फ फोडून किंवा हातपंपावरून पाणी आणावयाचे. नळच चालत नाही तेथे पाण्याचे शौचालय काय उपयोगाचे? म्हणून जुन्या घरांत वरच्या मजल्यावर कोरडे शौचालय असते. तेथे कोरडी माती टाकतात, आणि खाली साठलेले खत वसंतात शेतात जाते. बाहेरची जमीन गोठून टणक होण्याआधी ह्या मातीचा ढीगही घरात आणून ठेवावा लागतो. मातीसुद्धा साठवून ठेवावी लागते, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल!

मग खिडक्यांच्या फटी बुजवण्याचे काम. कागद, चिंध्या, माती, हाती येईल ते फटींत भरतात. कोणी खिडकीला आतून दुसरी काच लावतात. एका लहानशा फटीतून रात्रभर वारा येत राहिला, तर शेणीच्या चार टोपल्यांची ऊब वाया जाते. परंतु येथेच मोठा धोका दडलेला असतो. बंद खोलीत शेगडी जळत असेल आणि तिला पुरेशी हवा मिळत नसेल, तर जळण अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. निजलेल्या माणसाला गुंगी येते, आणि तो पुन्हा जागा होत नाही. थंड प्रदेशांत अशा रीतीने माणसे मरण पावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून जाणती माणसे शेगडीच्या धुराड्यातील काजळी आधीच झाडून घेतात, वर हवेला एक वाट मोकळी ठेवतात आणि निजण्यापूर्वी विस्तव विझला की नाही हे पाहतात. आपल्याकडेही गारठ्याच्या रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून निजणारे लोक आहेत. त्यांना हे सांगितले पाहिजे.

आता लडाखमधील घरेही बदलत आहेत. सिमेंटची घरे झपाट्याने वाढली. ती टापटिपीची दिसतात, पण सिमेंटची पातळ भिंत उष्णता धरून ठेवीत नाही. ऊन गेले की घर लवकर गार पडते, आणि रॉकेलचा किंवा विजेचा खर्च वाढतो. मग लोक मातीची घरे का सोडतात? ह्याला त्यांची हौस एवढेच कारण नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहच्या परिसरात ढगफुटी झाली. चिखल आणि दगडधोंड्यांचे लोंढे वस्त्यांत घुसले, दोनशेहून अधिक माणसे दगावली. मातीच्या अनेक भिंती अक्षरशः विरघळल्या. ज्याने ती रात्र पाहिली, त्याला मातीचे गुणगान ऐकवणे सोपे नाही. थंडीला माती चांगली आणि पाण्याला सिमेंट बरे, अशा पेचात तो सापडला आहे.

ह्या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्नही तेथेच चालू आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप ह्या संस्थेने घराच्या दक्षिण भिंतीवर एक साधी योजना करून दाखवली. भिंतीला बाहेरून काळा रंग द्यावयाचा आणि तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवावयाची. काळा रंग ऊन शोषून घेतो; काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या भिंतीची ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. भिंत दिवसभर तापत राहते आणि तिची ऊब आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. म्हणजे जेव्हा हवी तेव्हाच ती मिळते. फेलिक्स त्राँब ह्या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून ह्या भिंतीला त्राँब भिंत म्हणतात. लेहजवळच्या फे गावी स्टुडंट्स एज्युकेशनल अँड कल्चरल मूव्हमेंट ऑफ लडाख ह्या संस्थेची शाळा आहे. ही संस्था १९८८ साली सुरू झाली. तेथील दक्षिणाभिमुख इमारती चोपलेल्या मातीच्या आहेत. हिवाळा आला की दक्षिणेच्या बाजूला छपरापासून जमिनीपर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा लावतात, आणि उन्हाळ्यात तो गुंडाळून ठेवतात. बाहेर पाणी गोठत असताना मुले आत शेगडीवाचून अभ्यासाला बसतात.

काळा रंग ऊन शोषतो, ही गोष्ट झांस्करच्या शेतकऱ्याला मात्र त्राँबसाहेबांनी शिकवली नाही. शरद ऋतूत तो आपल्या घरात कोरड्या, काळपट मातीचा आणखी एक ढीग रचून ठेवतो. वर्षभराच्या सगळ्या बेगमीत सर्वांत शेवटी हात लागतो तो ह्या ढिगाला. मार्च संपत येतो, कोठारातील पीठ तळाला गेलेले असते, छपरावर पेंढ्या मोजक्या उरतात, आणि शेतावर अजून पांढरे बर्फ पसरलेले असते. पांढरे बर्फ ऊन परतवून लावते. त्याच्या मर्जीवर राहिले तर पेरणीला उशीर होईल आणि पुढची थंडी पीक पिकण्याआधीच येऊन ठेपेल. तेव्हा घरातील सर्वजण पाठीवर करंड्या घेऊन निघतात, आणि ती काळी माती मुठीमुठीने बर्फावर पेरतात. माती ऊन पिते, तिच्याखालचे बर्फ पाझरू लागते, आणि चार-आठ दिवसांत शेताच्या कडेने ओली जमीन दिसू लागते.